तारांशिवाय वाजलेले तानपुरे

सई आणि निहाल,

परवा सईचा मेसेज आला. “आजी, मिरजेच्या तानपुऱ्यांची भूकंपातली गोष्ट इंटरनेटवर तीन ठिकाणी सापडली. तुझ्या पुस्तकात कशी नाही? विसरलीस?” विसरले नाही. मुद्दाम गाळली. का गाळली ते मी तुमच्या आईलाही आजवर धड सांगितलेलं नाही. पण सई ती गोष्ट शाळेच्या प्रोजेक्टमध्ये घालणार म्हणते, तेव्हा आता गप्प बसता येणार नाही. फोनवर तुम्ही दोघं मला बोलू देत नाही, म्हणून लिहून कळवते.

गोष्ट अशी सांगतात. कोयनेचा मोठा भूकंप पहाटे झाला. त्याचे हादरे मिरजेपर्यंत बसले. तिथल्या एका तानपुऱ्याच्या कारखान्यात भिंतीला टांगलेले सगळे तानपुरे, कुणी हात न लावता, एकदम वाजू लागले. तानपुरा म्हणजे गवयाच्या मागे सतत सूर धरणारं वाद्य. खाली भोपळा, वर लाकडाची लांब दांडी आणि त्यावर चार तारा.

सांगलीच्या दैनिकातली नोकरी संपल्यावर मी साताऱ्यात राहायला आले आणि इतिहासाचं पुस्तक लिहायला घेतलं. गोष्टीसारखं वाचता येईल, पण खरं असेल असं. विषय मिरजेचे वाद्य बनवणारे कारागीर. आमच्या सोसायटीत इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. ते फाटकाशी मला म्हणाले, “वा! आता पेपरवाल्या इतिहास लिहिणार! आम्ही लाल पेन घेऊन वाचू हं.” हसून म्हणाले, पण पेन खरंच खिशाला होतं.

पहिलं प्रकरण या गोष्टीनेच सुरू केलं होतं. पुण्याच्या प्रकाशनातली माझी संपादक प्रज्ञा, तुमच्या आईच्या वयाची, तिला ते इतकं आवडलं की तिने मुखपृष्ठासाठी टांगलेल्या तानपुऱ्यांचं चित्र काढून घेतलं. माझं काम फक्त खातरजमा करायचं उरलं होतं. मी प्रत्येक माहितीचं एक कार्ड करते, हे तुम्हाला ठाऊक आहे. या गोष्टीची चार कार्डं झाली. कोयनानगरच्या एका निवृत्त संगीतशिक्षिकेने सात तानपुरे सांगितले. साताऱ्याच्या एका गवयाने सतरा. तिसऱ्याच्या मते ते षड्जात वाजले आणि इंटरनेटवर तर थेट भैरव राग निघाला होता.

आकडे वेगळे असल्याची मला काळजी नव्हती. खरे साक्षीदार आकड्यांत घोळ घालतातच. खटकलं ते दुसरंच. चारही कार्डांवर एक वाक्य अक्षरन् अक्षर सारखं होतं. “जणू धरणीच आलाप घेऊ लागली.” चार माणसं एकच वाक्य बोलायला लागली की ती पाहिलेलं सांगत नसतात, वाचलेलं सांगत असतात. एवढं पोलीस-कोर्टाच्या बातम्या करून मला कळत होतं.

म्हणून सांगलीला जाऊन एका वाचनालयात आमच्याच दैनिकाच्या जुन्या फाइली काढल्या. फाइल म्हणजे महिन्याचे अंक एकत्र शिवलेला गठ्ठा. दोन दिवस धूळ खाल्ली. तिसऱ्या दिवशी ग्रंथपाल आनंदाने धावत आले. “मॅडम, सापडलं! छापील पुरावा! भूकंपानंतर दहाच वर्षांनी लिहिलंय.”

मी वाचलं. फीचर तानपुऱ्यांवर होतं. शेवटच्या आठ ओळींत भूकंप होता. आणि आठव्या ओळीत धरणी आलाप घेत होती.

नाव नव्हतं, नुसतं ‘आमच्या वार्ताहराकडून’. पण तो वार्ताहर कोण हे मला लगेच आठवलं. तेवीस वर्षांची होती, दोन वेण्या घालायची आणि स्वतःला फार हुशार समजायची.

त्या संध्याकाळचं सगळंच आठवलं. आमचे वृत्तसंपादक नाना टेबलाशी येऊन ओरडले होते, “अगं बाई, तुझं फीचर आठ ओळी कमी पडतंय! पानाच्या तळाला भोक दिसतंय!” मी उभ्या उभ्या आठ ओळी लिहून दिल्या. सुरुवात केली, ‘जाणकार सांगतात की’. पेपरात जाणकार म्हणजे जो वार्ताहराला भेटलेला नसतो तो. नानांनी वाचलं, भुवई उडवली, आणि म्हणाले, “बरं आहे. छाप.”

म्हणजे मी ज्या पुराव्याच्या शोधात कोयनानगरपर्यंत घाट चढून आले होते, तो पुरावा मीच होते.

साताऱ्याला परतून प्रज्ञाला फोन केला.

“मॅडम, पण तोच तर हुक आहे,” ती म्हणाली. “आपण ‘आख्यायिका’ म्हणू ना.”

“आख्यायिका रचणारा निदान मेलेला असावा लागतो, प्रज्ञा. मी तुझ्याशी फोनवर बोलतेय.”

“कुणाला कळणारे?”

“मला कळलंय. आणि खाली एक लाल पेन बसलंय.”

तिने मला पंधरा दिवस दिले. नवी सुरुवात मिळाली तर ठीक, नाहीतर आख्यायिका.

पण त्याआधी मिरजेला जाऊन कबुली द्यायला हवी होती. ज्या कारखान्यावर मी ते लिहिलं होतं, तो आता लतीफभाई चालवतात. माझ्यापेक्षा सहासात वर्षांनी मोठे, गुडघे गेलेले, हात मात्र पक्के. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते भूकंपाची गोष्ट सांगतात. परदेशी पाहुणे तर भिंतीचे फोटो काढतात. ती गोष्ट मी त्यांच्याकडून काढून घ्यायला चालले होते. मिरज स्टेशनवर उतरून मी रिक्षा न करता चालत गेले.

चहा आला. मी विषयाच्या कडेकडेने गेले. “लतीफभाई, भिंतीला टांगलेल्या त्या तानपुऱ्यांना… तारा होत्या का?”

त्यांच्या हातातली कानस थांबली. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं, आणि मग असे हसायला लागले की सुनेला आतून पाणी आणावं लागलं.

“आवं ताई, किती वर्सं लावली हे इचारायला! तारा कशा असतील? तार सगळ्यात शेवटी चढती, गिऱ्हाईक आल्यावर. भिंतीला नुसत्या दांड्या असत्यात.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“तुमी छापलं त्याच दिवशी. अब्बांनी सगळ्यांना वाचून दावलं. म्हणलं, पोरीनं तार न लावता वाजवलं बघा, हिला कामावर ठेवा!”

“मग तुम्ही लोकांना का सांगत राहिलात?”

लतीफभाईंनी दाराकडे बघून आवाज उतरवला. “गिऱ्हाईक पारखायला. गोष्ट सांगायची आन् गप बसायचं. जो वा वा करतो त्येला बरा तानपुरा दावायचा. जो म्हणतो, ‘तारा होत्या काय?’, त्येच्या तानपुऱ्याची जवारी मी सोता काढतो.” जवारी म्हणजे तारांखालची घोडी कानशीने हलकेच घासून सूर गुंजता करणं. खरी कारागिरी तिथेच असते.

“मी पुस्तकात खरं लिहिणार आहे,” मी म्हणाले. “चूक माझी होती, असं.”

“न्हाई न्हाई न्हाई! लय नुकसान होईल. मग समदेच इचारतील तारांचं. मी वळखू कुणाला?” त्यांनी कानस खाली ठेवली. “असं करू. तुमी ते लिहू नका. खोटं बी नको, कबुली बी नको. मी तुमाला त्या पहाटेचं खरं सांगतो.”

सौदा बरा होता. मी वही उघडली.

त्या पहाटे घरात छताला वाळत टांगलेले भोपळे होते. हादरा बसला, दोऱ्या तुटल्या आणि भोपळे धडाधड खाली आले. दार उघडून सगळे बाहेर पळाले, आणि त्यांच्या मागून भोपळेही. गल्ली उताराची. जमीन हलतेय, लोक देवाचं नाव घेतायत आणि लतीफभाईंचे अब्बा लुंगी सावरत ओरडतायत, “धरा! धरा! दांडीपेक्षा भोपळा म्हाग हाय!” अख्खी गल्ली भूकंप विसरून भोपळ्यांमागे धावली.

मी लिहून घेतलं. मग एक विचार आला आणि मी पेन खाली ठेवलं. हा माणूस गेली कित्येक वर्षं येईल त्याला बिनदिक्कत थाप मारतोय. हीसुद्धा थाप नसेल कशावरून?

“साक्षीदार आहे का कुणी?”

“आता शिकला तुमी,” लतीफभाई म्हणाले. “उताराच्या तळाला जावा. गंगाक्कांना इचारा. माझं नाव घेऊ नका.”

गंगाक्का ऐंशीच्या पुढच्या. दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी भोपळ्यांचा शब्द काढला नाही. नुसतं विचारलं, “आक्का, भूकंपाच्या पहाटे तुम्ही काय पाहिलंत?”

“भोपळं,” त्या म्हणाल्या. “आमच्या पायरीला यून थडकलं. तीन. दोन दिलं परत.”

“आणि तिसरा?”

“मागाय कोण आलं? त्यास्नी मोजाय सवड हुती व्हय?” त्यांनी सुपातला खडा काढून फेकला. “लई दणकट निघाला बगा. तुमी कोन, त्येंच्याकडच्या काय?”

मी त्यांच्याकडची नाही, हे मी दोनदा सांगितलं.

पहिलं प्रकरण आता भोपळ्यांपासून सुरू होतं. प्रज्ञाने मुखपृष्ठ बदललं, जरा कुरकुरत. प्राध्यापकांना लाल पेनाने खूण करायला एकच जागा सापडली, पाठीमागच्या माझ्या फोटोखालचं वय, आणि ती चूक छापखान्याची नव्हती.

सई, प्रोजेक्टमध्ये तानपुरे घालू नकोस, भोपळे घाल. पण लतीफभाईंची युक्ती तिथे लिहू नकोस, मी शब्द दिलाय. पेपर आणि पुस्तक, माझ्या या दोन्ही कामांतून एवढंच शिकले. बातमीला ‘कोण म्हणालं’ पुरतं. इतिहासात आधी ‘असं होऊ शकेल का’ हे विचारावं लागतं, आणि ते बहुधा फार उशिरा सुचतं.

तिसरा भोपळा अजून आहे. गंगाक्कांच्या स्वयंपाकघरात, खुंटीला अडकवलेला. बुडाला एक चीर आहे, ती लाखेने बुजवली आहे. आत मेथ्या असतात.