गूळ पाझरला तो रविवार

आमच्या गल्लीत कुरडयांचा दिवस मी ठरवायचे. केजच्या बाजारामागच्या त्या गल्लीत तेव्हा बारा-तेरा घरं होती. होळी झाली की प्रत्येक घरातली बाई एकदा तरी आमच्या ओट्यापाशी थांबून विचारायची, "वैनी, गहू घालू का भिजू?" कुरडयांचे गहू तीन दिवस भिजतात. मग ते वाटून चीक काढायचा, तो रात्रभर बसू द्यायचा, सकाळी शिजवून सोऱ्यातून पाडायचा आणि पुढं दोन दिवस कडक ऊन द्यायचं. एवढ्यात एक शिंतोडा आला तरी सगळं आंबून लालभडक होतं. आमच्याच घरावर तेवढा स्लॅब होता, बाकीच्यांचे पत्रे. त्यामुळं गल्लीचं सगळं वाळवण आमच्या गच्चीवर यायचं आणि गच्चीवर राज्य माझं असायचं.

मी डोळ्यांवर हाताची सावली धरून बालाघाटाच्या डोंगराकडं बघायचे, नाकानं वारा हुंगायचे, जरा वेळ गप्प राहायचे आणि मग म्हणायचे, "घाला." बायकांना वाटायचं, हिला आभाळ कळतं. ते सगळं नाटक होतं. मला कळायचं ते गुळावरून.

घराच्या पुढच्या अंगाला आमचं किराणा दुकान. माजलगावकडून गुळाच्या ढेपी यायच्या, त्या गोणपाटावर मांडलेल्या असायच्या. रोज सकाळी दुकान झाडताना मी ढेपीवर अंगठा दाबून बघायचे. कोरडा निघाला तर ऊन पक्कं. उन्हाळ्याच्या तोंडाला अंगठा चिकटला, ढेपीला घाम फुटल्यासारखा दिसला, शेजारचं खडेमिठाचं पोतं ओलसर लागलं, की समजायचं दिवस मावळायच्या आत काहीतरी येणार. मग मी निरोप धाडायचे, "आज पाडू नका. चीक पाण्यातच राहू द्या, पाणी बदला." चीक पाण्याखाली एक-दोन दिवस सुखानं राहतो. माझी खरी हुशारी 'घाला' म्हणण्यात नव्हती, 'थांबा' म्हणण्यात होती. पण हे गुळाचं मी कुणाला सांगितलं नव्हतं, मालकांनासुद्धा नाही. ते म्हणाले असते, गिऱ्हाईक काय म्हणेल, ढेपीवर बोटं कुणाची?

असं सगळं बरं चाललेलं असताना माझी जाऊ आली.

माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. औरंगाबादची, बी.एस्सी. बी.एड. लग्नानंतर वर्षाच्या आत तिला नेकनूरच्या शाळेत नोकरी लागली. सकाळी ती खांद्याला पर्स लावून एसटीला जायची, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, उन्हातसुद्धा छत्री. मी दहावी नापास. मला तिचा हेवा वाटायचा. तिच्या पर्सचा, छत्रीचा, आणि सगळ्यात जास्त म्हणजे, तिला बघून गल्लीतल्या बाया खाटेवरून उठून बसायच्या त्याचा. मला बघून कुणी कधी उठलं नव्हतं. माझी सासू, जिनं मला पंधरा वर्षांत एकदा "चहा घे" म्हटलं नाही, ती तिच्यासाठी दूध झाकून ठेवायची.

मग तिनं रंगीत टीव्ही आणला. गावात नुकतीच केबल आली होती, गल्लीतल्या बाया संध्याकाळी आमच्या बैठकीत येऊन बसायच्या, आणि बातम्यांच्या शेवटी हवामान यायचं. नकाशावर कापसाच्या बोळ्यांसारखे ढग आणि कोट घातलेली एक बाई. मराठवाड्यात हवामान कोरडं राहील. त्या बाईनं मराठवाडा कधी बघितला होता की नाही, देव जाणे. पण बाया जाऊबाईंना विचारायला लागल्या, "मॅडम, उद्या काय म्हनली ती?"

एकदा जेवताना ती म्हणाली, "आक्का, पृथ्वी तापत चालली आहे. गाड्या, कारखाने, धूर. म्हणून पाऊस असा वेडावाकडा पडतो. माणसानंच केलंय हे."

मी भाकरी थापत होते. माझा हातच थांबला. "केजात मोटारी किती गं? चार एसट्या अन् धा जीपा. तेवढ्या धुरानं आभाळ नासलं व्हय?"

"केजचं नाही, सगळ्या जगाचं."

"माज्या लग्नात मांडवावर गारा पडल्या. लिंबाएवढ्या. तवा गावात एक ट्रक होता, तोबी बंद. त्या कुनी पाडल्या?"

सासूबाई हसल्या, पण माझ्या बाजूनं नाही. "तिला शिकवू नको," त्या मला म्हणाल्या. "ती शिकवूनच येती रोज."

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. आणि जाऊबाई मात्र शांत. ती म्हणाली, "आक्कांचं बरोबर आहे, गारा पूर्वीही पडायच्या. एकेका घटनेवरून काही ठरवता येत नाही. पुष्कळ वर्षांच्या नोंदी लागतात." तिनं एक वही केली होती. त्यात ती पाऊस, गारा, उष्मा असं लिहून ठेवायची. मला म्हणाली, "आक्का, तुम्हाला आधी कसं कळतं ते सांगाल? मी लिहून ठेवते."

खरं सांगते, तिच्या डोळ्यांत चेष्टा नव्हती. ती मनापासून विचारत होती. म्हणूनच मला जास्त राग आला. तिच्याकडं पर्स होती, टीव्ही होता, झाकलेलं दूध होतं. माझ्याकडं एक गूळ होता, तोही तिला वहीत पाहिजे होता.

"बगून कळतं," मी म्हणाले.

त्या साली समोरच्या शिंपीणकाकूंच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. रुखवतात मांडायला गुलाबी, हिरव्या कुरडया पाहिजेत म्हणून काकू दोन पायल्या गहू घेऊन बसल्या होत्या. नवरा नसलेल्या बाईनं एकटीनं मांडलेलं लग्न. दरवर्षी त्या मला विचारायच्या. त्या वर्षी आमच्या ओट्यापाशी आल्या आणि मला ओलांडून आत बघून म्हणाल्या, "मॅडम हायेत का?"

जाऊबाईनं रविवार सांगितला. तिला शाळेला सुट्टी, टीव्हीवर आठवडाभर कोरडं. काकूंनी घातले, पाठोपाठ आणखी चार घरांनी घातले. आमच्या घरचेही भिजले. मला कुणी विचारलं नाही.

रविवारी सकाळी मी दुकान झाडलं आणि सवयीनं अंगठा टेकवला. तो निघेचना. ढेपीच्या खालच्या कडेला पाझर सुटून गोणपाटावर काळा डाग पडला होता. मिठात हात घातला, मूठ ओली झाली. बाहेर तर लख्ख ऊन.

पदराला अंगठा पुसत मी गच्चीवर निघाले. सांगायलाच निघाले होते, हे मला आजही शपथेवर म्हणता येईल. जिन्याच्या वरच्या पायरीवर होते तेव्हा काकूंनी मला बघितलं. मांडीत परात, हात रंगानं गुलाबी. म्हणाल्या, "वैनी, औंदा तुमी बसा निवांत. मॅडमनी टीवीत बगून सांगितलंय, आता काय घोर न्हाई." सगळ्या हसल्या. जाऊबाई मधोमध, पदर खोचून, सोऱ्या दाबत होती. तीही हसली.

ते शब्द माझ्या तोंडात होते. थांबा, पाण्यात ठेवा. एवढंच म्हणायचं होतं. मी ते गिळले.

"माजी कंबर धरलीया," मी म्हणाले. "आपला चीक मी मंगळवारी शिजवीन." आणि खाली येऊन आमच्या घरच्या चिकाच्या बादलीतलं पाणी बदललं.

दुपारी चारच्या सुमाराला डोंगराकडून काळं आलं. आधी धूळ, मग वारा, मग गारा. वर धावाधाव झाली. कुणी चादरी ओढल्या, कुणी कागद, पण ओल्या कुरडया उचलता येत नाहीत, त्या हाताला चिकटतात आणि तुटतात. वीस मिनिटांत सगळं आटोपलं. स्लॅबवर पांढरा चिखल झाला होता, त्यात काकूंचा गुलाबी आणि हिरवा रंग मिसळून पन्हाळीतून गल्लीत वाहत होता. काकू तिथंच गारांत बसून राहिल्या. रडल्या नाहीत. रंगलेले हात उताणे मांडीवर ठेवून नुसत्या बसल्या.

मला वाईट वाटलं. पण त्याआधी, एक क्षणभर, बरं वाटलं. तेही लिहायला पाहिजे.

एवढ्यावरही माझी जीभ थांबली नाही. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "इचारा आमच्या मॅडमला. मोटारीच्या धुरानं झालं असंल. मानसानंच केलंय म्हनं हे."

ती चिंब भिजलेली होती, कपाळाला गारेनं टेंगूळ आलेलं. सगळ्या तिच्याकडं बघायला लागल्या. तिला किती सोपं होतं तेव्हा. होय म्हणायचं, जगाचं आभाळ बिघडलंय, मी तरी काय करणार म्हणायचं, आणि सुटायचं. ती म्हणाली, "नाही आक्का. या गारपिटीचं खापर मी त्यावर फोडणार नाही. मला ते माहीत नाही. दिवस मी सांगितला, चूक माझी आहे."

मग काकूंच्या शेजारी बसून म्हणाली, "काकू, आमच्या घरचा चीक आहे अजून. आक्कांनी ठेवला म्हणून राहिला. तो तुमचा." आणि उठताना मला विचारलं, "आक्का, कंबर कशी आहे आता?"

"हाय तशीच," मी म्हणाले.

मंगळवारी ऊन पडलं. तिनं शाळेतून रजा काढली आणि एकटीनं काकूंच्या सगळ्या कुरडया पाडल्या. रुखवत झकास झालं. लग्नात काकू येईल त्या पाहुणीला सांगत होत्या, ह्या आमच्या मॅडम, ह्यांनी माझी लाज राखली. चीक मी राखलेला, वाहवा तिची. मांडवात बसून मी बुंदी खात होते आणि प्रत्येक घास कडू लागत होता.

पुढच्या वर्षांत ती चांगलं बोलते म्हणून तिला जिकडं तिकडं बोलावणी यायला लागली. शाळांत, बचत गटांत, एकदा तहसीलमध्येसुद्धा. कुठला दुष्काळ, कुठला पूर, उन्हाळा कसा वाढतोय, असं वहीतून वाचून सांगायची. मी मागच्या सतरंजीवर बसून मनातल्या मनात खोडायचे. दुष्काळ काय नवा आहे बीडला? पण एक गोष्ट मला खटकायची. आमची गारपीट ती कधी सांगायची नाही. एकदा मी टोमणा मारला, "आपल्या गच्चीवरच्या गारा कावून सांगत न्हाईस? तुज्या कपाळावर पडल्या, त्येबी इसरलीस?"

"त्या माझ्या नोंदीत बसत नाहीत आक्का," ती म्हणाली, आणि दुसरा विषय काढला. मला वाटलं, हार झाली म्हणून लपवते. मी दोन दिवस खुशीत होते.

मग तिची माजलगाव तालुक्यात बदली झाली. बिऱ्हाड हलवायचं होतं, मी पुस्तकं बांधायला बसले. दीर टेम्पो आणायला गेले होते, ती स्वयंपाकघरात भांडी गुंडाळत होती. ती वही हाताला लागली. मी उघडली, कारण मला बघायचं होतं, माझ्याबद्दल काय लिहिलंय. त्या रविवारचं पान सापडलं. बारीक, सरळ अक्षर.

'दुपारी गारपीट. नुकसान बरंच. आक्कांना आधी कळलं होतं, आपला चीक ठेवला. नुकसान टळू शकलं असतं, म्हणून ही नोंद मोजू नये. आक्कांना विचारूही नये.'

इतकी वर्षं तिला माहीत होतं. त्याच दिवशी, टेंगूळ आलेलं असताना, तिनं ताज्या पाण्याची ती बादली बघितली आणि ओळखलं. आणि मला फक्त कंबर विचारली. मी तिला छत्रीवरून, पर्सवरून, दुधावरून जळले, आणि जळण्यासारखं जे होतं ते हे होतं. आतासुद्धा माझ्या मनात पहिलं काय आलं? की मला असं वागता आलं नसतं. त्याचाही हेवाच.

मी वही होती तशी ठेवली आणि हाक मारली, "इकडं ये गं जरा."

ती हात पुसत आली. तिला मी दुकानात नेलं. आताशा गूळ प्लास्टिकच्या पिशवीत किलोकिलोनं येतो, पण एक ढेप आम्ही अजून गोणपाटावर ठेवतो. मी तिचा हात धरला आणि अंगठा ढेपीवर दाबला. अंगठा उचलून तिनं बोटावर बोट घासलं.

"कोरडा आहे," ती म्हणाली.

"त्या दिवशी नव्हता," मी म्हणाले.