माझा कान

हेडफोनच्या गादीला घामाचा वास आला की अकोल्यातली ती दुपार आठवते आणि स्वतःचीच किळस येते. हाय-रेझोल्यूशन गाण्यांची दोन ॲप महिनाभर ताडून मी एक निवडलं होतं. कसोटीला घेतलेलं जुनं भीमगीत दोन्हींवर होतं. त्यात ढोलकी माझ्या बाबांची. एकावर फार खरखर, म्हणून ते ॲप काढून टाकलं. दुसऱ्यावर एकेक थाप सुटी, स्वच्छ. परतवाड्याहून आलेल्या बाबांच्या कानांवर मी मोठ्या ऐटीत हेडफोन चढवला. एक कडवं ऐकून त्यांनी तो उतरवला. “हे तं मशीन वाजून रायली. माहा हात नाही याच्यात. तुले समजलं नाही काय?” स्वच्छ वाटलेलं ते गाणं मशीनची ढोलकी घालून नव्यानं भरलेलं निघालं. काढलेलं ॲप पुन्हा घेतलं, त्या खरखरीत बाबाच वाजवत होते. आजही कोणी माझ्या कानाची तारीफ केली, की थुंकावंसं वाटतं.