आडवा निवडुंग

आई गेली आणि गावी, सणसरच्या घराच्या अंगणात तिचा निवडुंग तेवढा राहिला. एकच सरळ खांब, फांदी नाही की पान नाही, माझ्या वडिलांपेक्षा, आबांपेक्षाही उंच. रंग निळसर हिरवा. बोट फिरवलं की वरचा पांढुरका मेणचट थर निघून यायचा. अंगभर उभ्या धारा, धारांवर कापसासारखे बारीक पुंजके आणि प्रत्येकातून काट्यांचा झुबका. उन्हाळ्यात धारांमधल्या खाचा खोल जायच्या, पाणी मिळालं की तो फुगायचा. आई त्या खाचा बघूनच पाणी द्यायची. बाकी कुणी त्याच्याकडे नीट बघितलं नव्हतं.

यंदा पाऊस सरल्यावर आबांचा फोन आला. "बुडाला तांबेरा पडलाय वाटतं." त्यांनी पाठवलेला फोटो बघितला. बुंधा तपकिरी, कडक, झाडाच्या सालीसारखा. हा रोग की म्हातारपण, मला काही उमगेना. बारामतीतल्या नर्सरीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, जुना झाला की असाच होतो. नाहीतर सडतही असेल. म्हणजे नेमकं काय? माझं डोकं आणखीच भंजाळलं. "शंका असेल तर तुकडे करून लावा," एवढं मात्र तो ठामपणे बोलला. मी तेच आबांना कळवलं.

रविवारी गेले तर अंगण मोकळं. आबांनी आयुष्यभर ऊस केला. त्यांनी निवडुंगाच्या कांड्या तोडल्या, परसात सरी काढली, कांड्या आडव्या मांडून माती ओढली आणि वर भरपूर पाणी सोडलं होतं. उसाचं बेणं लावतात, अगदी तसं.

"आबा, हे आधी सुकवायचं असतं, नाहीतर सडतं! उभं लावायचं असतं!" मी ओरडलेच. रडूही येत होतं आणि हसूही.

आबांनी माती सारून कापसाच्या पुंजक्यावर बोट ठेवलं. "डोळं हायेत की ह्याला. डोळा हाय म्हंजी कोंब येणार. व्हय का न्हाय?"

काटे तिथूनच फुटतात, मग कोंबही फुटत असेल? मी सरी उकरायला लागले, मध्येच थांबले, पुन्हा उकरायला लागले. एक कांडी दाबली तर सडून मऊ, बोट आत गेलं. दुसरी टणक लागली. ती हातात घेऊन मी आबांकडे वळले.

"आता ही उभी लावू की आडवी, आबा?"

"उसाचं इचार, सांगतो," आबा म्हणाले. "ह्याचं तुझ्या आईलाच ठावं हुतं. मी तिला कवा इचारलंच न्हाय."