हवा असल्यास

आमच्या वाचनालयात आता कोणाला घाम येत नाही, आणि खरं सांगते, मला तेच खुपतं. बाहेर वणीचा मे महिना डांबर वितळवत असतो, कोळशाचे ट्रक धुरळा उडवत जातात, आणि आत माणसं गारव्यात बसून पेपर वाचतात. भिंतीवर पाटीएवढं एक यंत्र लावलं आहे. आत किती गरम, किती दमट, हवा किती कोंदली, सगळं त्याला कळतं. मग वरच्या झडपा आपोआप उघडतात, पंखे कमीजास्त होतात. थंडीत ऊबही देतं म्हणे मेलं! नावं ठेवायला जागा नाही. पण दुपार कलली की माझी मान अजून खिडकीजवळच्या खुर्चीकडे वळते. तिथे माझे बाबा बसायचे. ते आता नाहीत.

इमारत जुनी, भिंती जाड, छत उंच. छताखाली लाकडी झडपा होत्या आणि प्रत्येकीची दोरी खालपर्यंत सोडलेली. दोरी ओढायचं काम शिपायाचं. शिपाई निवृत्त झाला आणि त्याची जागा रिकामी राहिली ती राहिलीच. मी टेबलावर पुस्तकं देणार की दोऱ्या ओढत फिरणार? त्याच सुमारास आई गेली. बाबा घरी एकटे पडले, म्हणून मी त्यांना दुपारी सोबत आणायला लागले. पेपर वाचतील, चार माणसं दिसतील, एवढाच माझा विचार.

पण बाबांची सगळी नोकरी जमिनीखालच्या खाणीत हवेच्या दारावर गेलेली. कोळशाचा डबा आला की दार उघडायचं, गेला की लगेच लावायचं. ते उघडं राहिलं तर पुढे काम करणाऱ्यांची हवा तुटते. अशा माणसाला लोंबती दोरी दिसल्यावर तो पेपर वाचेल का? पहिल्याच दिवशी उठले. उन्हाच्या बाजूच्या झडपा लावल्या, दुसऱ्या बाजूच्या उघडल्या, आणि येऊन बसले. मी म्हटलं, "बाबा, तुमाले कोणी सांगतलं?" तर म्हणाले, "लोकं बसले ना आत."

हळूहळू ते सगळ्यांचेच झाले. स्पर्धा परीक्षेच्या पोरी पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणायच्या, "काका, हवा सोडा ना जरा." बाबा उठता उठता कुरकुरायचे, "सोडतो ना वं, दम धर. पाय हाय का चाकं?" ती कुरकुर वरवरची होती. एखाद्या दिवशी कोणी हाक मारली नाही तर तेच विचारायचे, "काहून, गरमी नाई होऊन राह्यली आज?"

मग ते यंत्र मंजूर झालं. गरजच होती. उघड्या झडपांतून कोळशाची धूळ यायची. सकाळी पुसलेलं पुस्तक संध्याकाळी हाती घेतलं की बोटं काळी. नागपूरहून इंजिनिअर आला, पोरगा गुणी होता. मी त्याला गाठून म्हटलं, "भाऊ, एक दोरी राहू द्या." तो म्हणाला, "मॅडम, हाताने एक जरी झडप उघडली तरी यंत्राचा सगळा हिशेब बिघडेल." बरोबरच होतं त्याचं. दोऱ्या काढल्या, झडपांना मोटारी आणि धूळ अडवणाऱ्या जाळ्या बसल्या, आणि यंत्राखाली सूचना चिकटवली: 'तापमानात बदल हवा असल्यास कर्मचाऱ्यांना सांगावे.'

आमच्या वऱ्हाडात हवा म्हणजे वारा. काही लागलं तर आम्ही 'पायजे' म्हणतो, 'हवा' म्हणत नाही. बाबांनी चष्मा कपाळावर चढवून सूचना मोठ्याने वाचली. "हवा असल्यास कर्मचाऱ्यांना सांगावे." मग माझ्याकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "अन् नसल्यास कोणाले सांगाचं?" अख्खं वाचनालय हसलं. बाबाही हसले. त्या खोलीत ते खळखळून हसले ते शेवटचे.

कारण त्यानंतर त्यांना कोणी हाक मारली नाही. पोरींचा काय दोष? गरम होण्याआधीच वर खट् करून झडप उघडायची. बाबा दर वेळी मान वर करून बघायचे आणि पुन्हा पेपरात डोकं घालायचे. दोन-चार दिवस आले, मग म्हणाले, "ऊन लय हाय बाई. घरीच बरा हावो."

"आजवर ऊन नव्हतं का?" मी चिडले. "सोंगं नका करू, चला!"

"काम काय हाय माह्यं तिथं?"

मी एकटी जाऊ लागले. दुपारी फोन केला की म्हणायचे, झोपलो होतो. जेवले का विचारलं की, हाव. एकदा मधल्या सुटीत घरी गेले तर कूलर बंद, माणूस घामाने निथळत भिंतीकडे बघत बसलेला. म्हटलं, "कूलर काहून नाई लावला?" तर म्हणाले, "एकट्यासाठी कायले?" हे आता असेच बसून बसून संपतील, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फोनवर धडधडीत खोटं बोलले. "बाबा, यंत्र बिघडलं! लोकं गुदमरून राह्यले. लवकर या!"

ऑटोने आले. डोक्याला दुपट्टा, सदऱ्याची बटणं खालीवर. धापा टाकत थेट यंत्रापुढे जाऊन उभे राहिले. यंत्र मजेत चालू होतं, आकडे हिरवे. वर खट् झालं आणि एक झडप उघडली. बाबांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे. मी खाली मान घालून परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारत राहिले. आता रागावतील, असं वाटत होतं. पण ते जाऊन आपल्या खुर्चीवर बसले आणि वाचनालय बंद होईपर्यंत बसून राहिले.

संध्याकाळी त्यांना स्कूटीवर मागे बसवून घरी निघाले. चौकात ट्रकांची रांग लागली होती, म्हणून थांबले. माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात जरा घट्ट झाला. कानाशी वाकून त्यांनी हळूच विचारलं, "उद्या बी बिघडन का वं ते?"

"बिघडते ना बाबा," मी म्हटलं. मागे वळून बघायची हिंमत नव्हती माझ्यात. "लय बेकार मशीन हाय. रोजच बिघडते."

तो उन्हाळा ते रोज बिघडलं. पुढच्या उन्हाळ्यात एकदाही नाही.