पलीकडच्या काठावर दत्ताभाऊ

जालन्यात बसून शर्यतीच्या शिडाच्या होड्या डिझाइन करायच्या म्हटलं, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. आपण नुसतं घराबाहेर पडायचं, बाकीचं लोक बघून घेतात!

सगळं सुरू झालं दत्ताभाऊमुळं. जुन्या जालन्यात त्याचं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचं वर्कशॉप आहे. एकदा मोबाइलवर त्यानं होड्यांची शर्यत बघितली अन् वेल्डिंग सोडून मला फोन लावला. मी बियाण्यांच्या पाकिटांची डिझाइनं करतो, म्हणजे मला होडी यायलाच पाहिजे!

"आपली होडी, आत माणूस बसलेला, शर्यतीत पळताना एकदा डोळ्यानं बघायची. बास!" असं म्हणणाऱ्या माणसानं तोवर समुद्र पाहिलेला नव्हता.

गणितासाठी आम्ही कांबळे मॅडमना ओढलं. त्या फिजिक्स शिकवतात. त्यांनीच सुचवलं, की नकाशे इंटरनेटवर फुकट टाकू. कुणीही होडी बांधावी, कुणीही आमच्या चुका सुधाराव्यात. ओपन सोर्स! ज्याच्याकडं पाणी आहे तो बांधेल.

*

दत्ताभाऊच्या घरी बातमी पोचली तेव्हा वहिनी टँकरच्या नळीपाशी उभ्या होत्या.

"प्यायला पाणी न्हाई अन् तुमी होड्या करून राह्यले?"

"अगं, होडी कुठं पाणी पिते?"

त्या दिवशी दत्ताभाऊ माझ्याकडं जेवला.

*

त्याचे सासरे धावड्याहून आल्ते. जावई काहीतरी नवीन करतोय एवढंच त्यांच्या कानावर होतं.

"इकणार कितीला?"

"इकायची न्हाई, मामा. नकाशे फुकट देऊन राह्यलो."

"गावाला?"

"न्हाई, सगळ्या जगाला!"

सासऱ्यांनी हातातली चहाची बशी खाली ठेवली. मंग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "पोरगी दिली तवा असा न्हवता हो!"

*

स्वयंसेवक पाहिजेत म्हणून आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकला. पहिल्याच मीटिंगला हॉल भरला! दत्ताभाऊ हरखून गेला. पण अध्यक्ष कोण, बॅनरवर फोटो कुणाचे, यातच दुपार सरली. एक भाऊ तर उपाध्यक्षपदासाठी हटूनच बसले.

मॅडमनी विचारलं, "नकाशा कोण काढायला घेतंय?"

"मॅडम, आधी बॉडी तर जाहीर होऊ द्या!"

बॉडी जाहीर झाली, हार-तुरे झाले. नकाशे आम्ही तिघंच काढले.

*

चाचणीला पाणी पाहिजे, म्हणून तीर्थपुरीला माझ्या मामाच्या शेततळ्यावर गेलो. मामानं दम भरला, "पाणी मोसंबीचं हाय. थेंब सांडायचा न्हाई."

हातभर लांबीचं मॉडेल सोडलं. वारा बाजूनं, शीड फुगलं, होडी सरळ पलीकडं! तिथं दत्ताभाऊ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा. त्यानं वाकून होडीचं नाक धरायचं, अलगद फिरवायची, "जा!" म्हणून ढकलायची. की आली परत. हिवाळाभर हेच चाललं. शेवटी शेवटी मामाही खुर्ची टाकून बघायचा.

*

नकाशे इंटरनेटवर टाकले. कुठल्याशा परदेशातून फार अदबीनं विचारणा आली, "डिझाइन सुंदर आहे. सुकाणू कुठे आहे?"

आम्ही नकाशा उलटा बघितला, सुलटा बघितला. सुकाणू नव्हतंच! आमची होडी सरळच जायची, वळवायची वेळच कधी आली नव्हती.

दत्ताभाऊला यात चूकच दिसेना. "सुकाणू कशाला? मी असतोच की पलीकडं!"

मॅडमनी कपाळाला हात लावला अन् सुकाणू काढायला घेतलं.

पण त्यानंतरही होडी कुणीच बांधेना. दत्ताभाऊ रोज विचारायचा, "बांधली का कुणी?" मी नाही म्हटलं की तो गुपचूप वेल्डिंगचा चष्मा चढवायचा. मला लई वाईट वाटायचं.

*

अन् एक दिवस कोकणातून फोन आला. रेवाताई नावाच्या दातांच्या डॉक्टर. त्यांनी आमच्या नकाशावरून घराच्या अंगणात होडी बांधलीसुद्धा! खाडीतल्या शर्यतीत उतरणार होत्या. "बघायला या," म्हणाल्या.

आम्ही तिघं गेलो. दत्ताभाऊनं नवा शर्ट घातलेला. माइकवरून नियम सांगत होते, होडीला बाहेरच्या कुणी हात लावला की होडी बाद.

शिट्टी झाली. आमची होडी आधी मागं होती. मंग एकेकीला मागं टाकत पुढं निघाली, पहिली! दत्ताभाऊनं माझा दंड असा आवळला की कळ आली. आमच्याच काठाजवळ एक पिंप तरंगत होतं. त्याला वळसा घालून परत जायचं. होडी सरळ आमच्याकडं येत होती. रेवाताईंचा हात सुकाणूवर होता.

"आता वळंल," मॅडम पुटपुटल्या.

मी बाजूला बघितलं तर तिथं नुसत्या दत्ताभाऊच्या चपला!

तो कमरेइतक्या पाण्यात. त्यानं होडीचं नाक धरलं, अलगद फिरवलं अन् सगळा जोर लावून ढकललं. "जा!"

शिट्ट्या वाजल्या. माइक ओरडायला लागला, "बाहेरची मदत! बाद! बाद!" रेवाताई मागं वळून बघतच राहिल्या.

दत्ताभाऊ निथळत वर आला. डोळे भरलेले. म्हणाला, "बघितलं का, कशी बराबर वळली!"