पायाळूचा पाय

मी जन्मले ती पायाकडून. पायाळू माणसाचा पाय पाठीला लागला की उसण उतरते, असं आमच्याकडं म्हणतात. त्यामुळं लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हापासून गल्लीतल्या बायका पाठ धरून माझ्या दाराशी येतात. त्यांनी पालथं पडायचं, मी उजव्या पायानं तीनदा हळू दाबायचं. बऱ्याच जणींना बरं वाटतं. का वाटतं, ते मला विचारू नका.

माझ्या धाकट्या जावेची पाठ मी अशी सात-आठ महिने दाबली. तिला खांद्याच्या पात्याखाली कळ यायची आणि बरगडीवरनं वळून छातीखाली उतरायची. आडवं पडलं की जास्तच. मी म्हणायची, उसणच हाय, परवा घागर उचललीस की. ती बिचारी पालथी पडायची. मग पायाला मुंग्या यायला लागल्या. एकदा आम्ही मंडईतनं आलो, तर तिच्या एका पायात चप्पलच नव्हती. कुठं गळाली, तिला पत्ता नाही. तेव्हा मात्र मी तिला पालथं पडू दिलं नाही.

मग दवाखाने, रांगा, ते घरघरणारं मशीन. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून दाखवला. गाठ मणक्याच्या आत, तिथनं नसेच्या वाटेनं दोन हाडांमधल्या फटीतून बाहेर पडलेली आणि छातीत जाऊन फुगलेली. मधे बारीक, दोन्हीकडं मोठी, डमरूसारखी. अशी क्वचितच बघायला मिळते म्हणाले. काढली नाही तर पाय जातील, काढतानाही जाऊ शकतात.

सगळे बाहेर गेल्यावर मी मागं थांबले.

"डॉक्टर, मी पायानं दाबत होते. त्यानं पसरली का?"

त्यांनी फोटो खाली ठेवला. "त्यानं नाही पसरली, आजी. पण उशीर झाला."

ऑपरेशन दिवसभर चाललं. पाठीचे डॉक्टर वेगळे, छातीचे वेगळे. मी बाकड्यावर बसून आपल्याच पायाकडं बघत होते. गाठ कॅन्सरची निघाली नाही, देवाची कृपा. एक नस मात्र कापावी लागली, तिच्या छातीखालचा एक पट्टा आता बधिर आहे. चार महिने झाले, भिंत धरून मोरीपर्यंत जाते. तिला धरून धरून माझेही गुडघे गेलेत. ती मला कधी काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

परवा शेजारीण आली, कंबर धरून. मी म्हटलं, आता मी पाय लावत नाही, दवाखान्यात जा. तर आतनं, खाटेवरनं धाकटी जाऊ म्हणाली, "आक्का, लाव की. पण आधी इचार तिला, पायाला मुंग्या येतात का."

मी विचारलं. शेजारीण नाही म्हणाली आणि पालथी पडली.

माझा पाय काही उचलेना.