परशाचं बाळसं

भर दुपारी खाणीतली सुरुंगाची धडधड थांबते आणि रेणुकाचा डोळा लागतो. लागतो म्हणजे कसा, एक पापणी झोपडीत, दुसरी भलतीकडंच. कुशीत तान्ही पोर, पलीकडं दोन वर्षांचा परशा. पोर झाली तसं त्याचं अंगावरचं दूध तुटलं, आता नुसत्या भाताच्या पेजेवर आहे. तरी गाल बघा, टम्म पुऱ्या! बाळसं धरलंय, सगळी वस्ती म्हणते. एकटी नर्सबाई म्हणाली, दवाखान्यात ने. रेणुकानं तिला वाटेला लावलं.

दारात सासू उभी आहे. यल्लूबाई. शिमग्याला मेलेली, पण तोंडातली तंबाखू तश्शीच.

"आत्याबाई, तुम्ही?" रेणुकाला भीती वाटत नाही. रडूही येत नाही. अंग कसं बधिर.

"चल गं, पंगत बसलीय."

झोपडी आता खाणीचा तळ आहे. ह्या कड्यापासून त्या कड्यापर्यंत दुनियेतल्या मेलेल्या आज्या बसल्यात. पुढ्यात पानं, पानांवर काही नाही. तोंडी लावायला नातवंडांच्या बढाया.

"माझा एवढा जाड, दारातून आडवा काढावा लागतो," समुद्रापलीकडची एक म्हणते. "पाकिटातलंच खातो. नखं तेवढी पांढरीफटक."

"माझी वाऱ्यानं उडते, आई पदराला बांधून ठेवते," दुसरी म्हणते. "पाऊसच नाही आमच्याकडं."

"आमच्यात धान्याचे डोंगर आहेत," तिसरी म्हणते. "मधल्या रस्त्यावर बंदुकवाले."

रेणुका सासूला कोपरानं ढोसते. "सांगा की, आपला परशा कसा गुबगुबीत ते!"

यल्लूबाई पिंक टाकते. "जन्मभर थापा मारल्या गं मी. ही नाही मारवत. सुजलंय ते पोर. डाळ नाही, अंडं नाही, नुसती पेज. पाणी भरलंय अंगात."

"पण सगळे म्हणतात…"

"सगळ्यांच्या डोळ्यांत खडीची धूळ!"

खाण नाही, आज्या नाहीत. नुसतं परशाचं पाऊल आहे. त्यावर यल्लूबाई अंगठा ठेवते, भिजवलेल्या पिठावर ठेवावा तसा, आणि दाबते.

रेणुका जागी होते. तान्ही रडतेय. परशा उघड्या डोळ्यांनी गप्प पडलाय. त्याच्या पावलावर अंगठ्याएवढा खळगा. आत्ता भरेल, मग भरेल, म्हणून ती बघत बसते. भरत नाही.

ती तान्हीला पोटाशी बांधते, परशाला कडेवर घेते. उन्हात पाय पोळतात ते कळतही नाही. नर्सबाईला दाखवेपर्यंत हा खळगा बुजू नये, एवढंच तिच्या मनात आहे.